पाळण्याच्या कडीवरची पिशवी

बारकीबाय बारीक नव्हती. उंच होती, हाडापेराने मोठी, आणि मीरा रोडच्या पेणकरपाड्यातल्या तिच्या जुन्या घराच्या दारातून आत शिरताना तिला मान वाकवावी लागायची. "जलमताना बारकी होती, मंग वाढली. आता नावाला कोन सांगनार?" असं ती म्हणायची.

तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. खरं कारण आधीच सांगून टाकतो. तिच्या दहाव्याला, सगळा पाडा जमलेला असताना, तिचा मुलगा विलास माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "या माणसाने आईचे हाल वाढवले. नाहीतर ती दोन वर्षं आधीच सुखाने गेली असती." लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. भांडण माझ्या रक्तात आहे, धंदा मी त्याच्याच जोरावर उभा केला. पण दहाव्याच्या घाटावर भांडता येत नाही. गप्प बसलो. ते उत्तर अजून द्यायचं राहिलं आहे. विलासला उत्तर द्यायचं तर ती दोन वर्षं बारकीबाय कशी जगली ते सांगावं लागेल. आणि ते कळायला मुळात ती बाई काय होती हे माहीत पाहिजे.

मी लातूरकडून आलो तेव्हा काशीमीऱ्याच्या एका गोदामात ट्रकमधून फरशा उतरवायचो. खोली शोधत पेणकरपाड्यात फिरत होतो. खोली दाखवायच्या आधी लोक आडनाव विचारायचे. का विचारतात ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. बारकीबाय तिच्या ओट्यावर जवळा निवडत बसली होती, एक पाय दुमडलेला, एक खाली सोडलेला.

"गाव कंचा?"

"लातूर."

"लांब हाय?"

"लांब आहे, मावशी."

"मंग बरा हाय. जवलचा मानूस सारखा गावाला पलतो. बंद खोलीला वालवी लागते."

आडनाव तिने विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी लगेच भाड्याची घासाघीस सुरू केली. खोलीला खिडकी एकच, नळ लांब, छप्पर पत्र्याचं, सगळी खोट काढून झाली. तिने सगळं ऐकून घेतलं. "पानी बसूं दे," म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. आता याचा अर्थ हो की नाही? मी ओट्यावर तसाच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती ताट घेऊन बाहेर आली. तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण. "खा. खोली मागल्या अंगाला हाय. भाडा तुना जमंल तवरा दे."

मला तिचा रागच आला. समोरच्याला भाव करायचाच नसेल तर माझ्यासारख्याने करायचं काय?

तेव्हापासून माझं नाव लातूर पडलं. आज माझ्या फरशांच्या दुकानात मला शेठ म्हणतात. ती शेवटपर्यंत "ए लातूर" अशीच हाक मारायची, तीही गिऱ्हाइकासमोर.

"पानी बसूं दे" हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. तिचा बाप मिठागरात होता, नवरा मिठागरात होता, आणि तिने स्वतः लग्नाआधीपासून डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. म्हातारपणीही तिची मान ताठ होती ती त्या पाट्यांमुळे. मिठागरात भरतीचं खारं पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात. मधे त्याला बसू द्यावं लागतं. घाई केली की मीठ कच्चं राहतं. हीच रीत तिने सगळ्या आयुष्याला लावली होती. भावाभावांत भांडण झालं, पानी बसूं दे. पोरीला स्थळ आलं, पानी बसूं दे. बिल्डर घर मागायला आला, त्यालाही तेच. तो बिचारा येत राहिला, पाणी बसत राहिलं, आणि शेवटी त्याने कंटाळून टॉवर तिच्या घराला वळसा घालून बांधला. आजही वरून पाहिलं तर ती इमारत कोपरा खाल्लेल्या पावासारखी दिसते.

पण पाड्यात तिचा मान होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. आगरी लग्नात विधींची गाणी म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला लागतो, आणि तो झाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. बारकीबाय पाड्याची धवलारीण होती. आवाज गोड नव्हता. जाडा, खरखरीत, पण माइकशिवाय मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा. डीजेवाल्या पोरांजवळ जाऊन ती सांगायची, "तुजा डबा बंद कर रं. नवरीच्या कानात पयला माजा आवाज जाल, मंग तुजा." पोरं निमूट बंद करायची.

एकदा भाईंदरच्या एका हॉलमध्ये नवरदेवाचा बाप तिला म्हणाला, "आजी, जरा आटपा, हॉलची वेळ संपतेय." बारकीबायने गाणं थांबवलं नाही. तिने पुढच्याच ओळीत त्याचं नाव गुंफलं. त्याची घाई, त्याचा सूट, त्याचं घड्याळ, सगळं एकेक करून गाण्यात आलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो माणूस स्वतः उठून हॉलवाल्याकडे वेळ वाढवून मागायला गेला. मी त्या दिवशी ओळखलं की हिला भाव करता येत नाही असं नाही. तिला गरज पडत नाही.

अशी ही बाई वय झालं तेव्हा दमायला लागली. आधार कार्डावर तिचा जन्म एक जानेवारीचा होता, जसा पाड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा असतो. पण नव्वदीच्या जवळ होती हे नक्की. तोंडाला चव नाही, अंगाला खाज, पायावर सूज. मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात आम्ही तिला दाखवायला नेलं. आम्ही म्हणजे विलास, त्याची बायको मंदा आणि मी. विलास माझ्याच वयाचा, खासगी कंपनीत नोकरीला, स्वभावाने मऊ. किडनीच्या डॉक्टर बाई होत्या, तरुण, पण घाई नसलेल्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि बारकीबायकडे बघून बोलायला सुरुवात केली. मला तेवढ्यावरूनच त्या पटल्या.

म्हणाल्या, दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत. पुढे तीन रस्ते आहेत. एक, आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात येऊन मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. दुसरा, पोटात एक मऊ नळी बसवायची आणि घरच्या घरी पिशवीतलं औषधाचं पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग काढून टाकायचं. पोटाच्या आतलं पातळ अस्तरच गाळणीचं काम करतं आणि घाण त्या पाण्यात उतरते. तिसरा रस्ता म्हणजे डायलिसिस करायचंच नाही. औषधांनी त्रास कमी ठेवायचा आणि घरी राहायचं. "या वयात तिसरा रस्ता घेणं म्हणजे हार मानणं नाही," असंही त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "मॅडम, कशात किती मिळेल?"

"काय किती?"

"वर्षं. अंदाजे सांगा. मी गिऱ्हाइकाला फरशी किती टिकेल ते सांगतोच की."

"फरशी जेवत नाही, पडत नाही. ही माणूस आहे. या वयात मशीन आणि पोटाचं यात आयुष्याचा फार फरक पडेल असं मी सांगणार नाही. फरक पडतो तो दिवस कसा जातो यात."

"मग दोन्ही अर्धं अर्धं करता येईल का?"

डॉक्टर हसल्या. विलास कपाळाला हात लावून बसला. "मशीनच बरं," तो म्हणाला. "डॉक्टरांच्या डोळ्यासमोर होईल. घरी जंतू गेले तर?"

बारकीबायने हाताने हवेत एक वाफा काढला. "पानी आत सोडाचा. ठेवाचा. मंग भाईर काराचा. ह्ये तं मिठागर झाला." मग डॉक्टरांना विचारलं, "ए बाय, मशीनीवर मना लग्नाला जावाला भेटंल?"

"आठवड्यातले तीन दिवस इथेच जातील, आजी. घरी गेल्यावर थकवाही असेल."

"आनि पोटातल्या पान्याला?"

"जाता येईल. पिशव्या बरोबर न्याव्या लागतील."

"मंग पोटातला."

"घरी करणार कोण?" विलासने विचारलं. मंदा म्हणाली, "मी शिकेन." मंदा कमी बोलते. विलासने तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, कारण मी तेवढ्यात टेबलावर हात मारून म्हटलं होतं, "झालं! पिशव्यांचे खोके माझ्या गोदामात ठेवू." निर्णय आईचा होता, राबणार बायको होती, आणि विलासच्या लक्षात राहिला तो माझा हात. पुढे दोन वर्षं त्याने तो हात विसरला नाही.

नळी बसली, जखम भरली, शिकवायला नर्स घरी आली. कोपरा स्वच्छ पाहिजे, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने घासून धुतलेले. पिशवी उंच टांगायची म्हणजे पाणी उताराने आत जातं. लोखंडी स्टँड आणला तर मधल्या खोलीच्या जुन्या जमिनीवर तो डुगडुगायला लागला. बारकीबायने वर बोट केलं. आढ्याला पाळण्याची लोखंडी कडी होती. "विलास हिथंच झोपला, त्याची पोरा हिथंच झोपली. आता मना टांगा." नर्सला हसू आवरेना. कडी घासून पुसून घेतली आणि पिशवी तिथे लटकली.

रोज तीनदा हा कार्यक्रम चालायचा, आणि त्या अर्ध्या तासात बोलायची बंदी होती. बारकीबाय आणि गप्प! ती मास्कच्या वरून डोळ्यांनी राज्य करायची. खिडकीच्या काचेतून मांजर दिसलं की डोळे मोठे, कुकरची शिट्टी जास्त झाली की भुवया वर, आणि मी दारात दिसलो की एक हात असा उडवायचा की "थांब भाईर". मेच्या उकाड्यात पंखा बंद, मंदाच्या हनुवटीवरून घाम गळतोय, आणि म्हातारी राणीसारखी पाटावर बसलेली.

पाणी बाहेर आलं की ते स्वच्छ आहे का बघायचं असतं. गढूळ आलं तर आत जंतू शिरले. नर्सने सांगितलं, पिशवीखाली पेपर धरायचा, अक्षरं वाचता आली म्हणजे ठीक. बारकीबायला वाचता येत नव्हतं आणि हे काम मंदावर सोडायला ती तयार नव्हती. ती पिशवीखाली स्वतःचा हात धरायची. मनगटावर लहानपणी गोंदलेली तुळस होती. तुळशीची पानं दिसली की म्हणायची, "साफ हाय. ओत."

वजनकाट्यावर मात्र ती रोज तक्रार करत चढायची. "मी काय म्हावरा हाय, रोज तोलाला?" आणि मीठ कमी सांगितलं तेव्हा तिने डॉक्टरांना जे ऐकवलं ते अजून आठवतं. "सगला जलम लोकांच्या जेवनात मीट घातला, आनि आता माज्याच ताटात न्हाय?" सुकी मासळी बंद झाली. त्याऐवजी अंडी आणि ताजे मासे वाढवायला सांगितले, कारण या पाण्याबरोबर अंगातला कसही थोडा निघून जातो. ती अंडं खाताना तोंड असं करायची की कोंबडीला वाईट वाटावं. पण खायची. लग्नाचा हंगाम होता ना.

लग्नाची अडचण तिने स्वतःच शोधून काढली. पोटात पाणी असलं की श्वास वर पोचत नाही, धवला मधेच तुटतो. तिने डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या चकित झाल्या. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मग वेळा बदलून दिल्या. गाण्याच्या आधी पोट रिकामं करायचं, तेवढा वेळ कोरडं राहायचं, गाणं झालं की नवीन पाणी. माझ्या टेम्पोत खोका, मंदाच्या हातात साबण आणि मास्क, आणि बारकीबाय नऊवारीत पुढच्या सीटवर. लग्नघरात आम्ही एक स्वच्छ खोली आधी मागून ठेवायचो. एका ठिकाणी नवरीच्या मेकअपवालीने खोली सोडायला नकार दिला. मी आवाज चढवला. बारकीबाय मला बाजूला सारून तिला म्हणाली, "बाय, तू तिचा तोंड रंगव, मी माजा पोट धुतंय. दोघी गप बसून करू. पन ह्यो पंखा बंद." त्या मुलीने पंखा बंद केला. नवरीचा मेकअप घामाने उतरला आणि परत करावा लागला.

ही ती वर्षं, विलास ज्यांना हाल म्हणतो.

हाल झालेच नाहीत असं मी म्हणणार नाही. एकदा झाले, आणि ते तिच्याच मिठागरामुळे. मुर्धा गावात तिच्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं. घरचंच लग्न, म्हणून ती दोन दिवस मुक्कामाला गेली. मंदाच्या मुलीची परीक्षा होती, त्यामुळे मंदा घरी राहिली. बारकीबायला तोवर पिशवी स्वतः बदलता येत होती, भाची मदतीला होती. मंदाने फोन करून विचारलं की "आई, बदललीत का?" तर ही म्हणायची, "झाला, झाला."

झालं नव्हतं. तिने सकाळी एक पिशवी आत घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली. तिचा हिशोब साधा होता. पाणी जितकं जास्त बसेल तितकं जास्त पिकेल, तितकी घाण जास्त उतरेल, मग सारखं सारखं बदलायचं कशाला? पोट भरलेलं असूनही तिने धवले म्हटले. दम लागला तो वयाचा असेल असं सगळ्यांना वाटलं. परत आली तेव्हा पाय खांबासारखे सुजलेले, बोलताना धाप. मंदाने पाणी काढलं तर जेवढं आत घातलं होतं त्यापेक्षा कमी बाहेर आलं. बाकीचं गेलं कुठे? आम्ही तिला टेम्पोतच घालून हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, जास्त ताकदीच्या पिशव्या एकामागून एक लावून पाणी ओढून काढलं. ती जरा सावरल्यावर खाटेजवळ स्टूल घेऊन बसल्या. रागावल्या नाहीत. "आजी, या पाण्यात साखर असते. ती साखर पाणी ओढून घेते. पण फार वेळ ठेवलं की साखर अंगात जाते, आणि मग अंगच ते पाणी उलट पिऊन टाकतं."

बारकीबायने मास्क बाजूला केला. "म्हंजे भरती उलटी आत शिरली."

"अगदी तसंच."

"मंग ह्ये आदी सांगाचा होता. मी मिठागरावानी बसवला."

"आधी सांगितलं होतं, आजी. वेळेवर बदला म्हणून."

"येलेवर बदल, ह्ये सांगितला. कशाला, ते कुठं सांगितला?"

पुढच्या खेपेपासून डॉक्टर प्रत्येक गोष्टीचं कारणही सांगायच्या.

बाहेर पॅसेजमध्ये विलासने मला धरलं. "तुझ्यामुळे हे. तूच पेटवलंस. मशीनवर असती तर आज हे झालं असतं का?" मी म्हटलं, "मशीनवर असती तर मुर्ध्याला गेली असती का?" तो म्हणाला, "गेली नसती तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "कोणासाठी बरं?" आवाज इतके वाढले की नर्स धावत आली. आतून बारकीबायचा आवाज आला, धापेतूनही तोच जाडा आवाज. "भांडाचा हाय तं खाली रस्त्यावर जा. मी मेली न्हाय अजून, वाटनी कराला."

ती परत घरी आली, परत कडीला पिशवी लागली. त्यानंतर तिने एकदाही वेळ चुकवली नाही. पण त्या आजारपणाने तिच्यातलं काहीतरी नेलं. पुढच्या हंगामात ती लग्नांना गेली, पण बसून गायली. मग अर्धं गायली आणि उरलेलं दुसऱ्या बायकांनी उचललं. मग एक दिवस बोलावणं आलं तर म्हणाली, "त्यांना सांग, गंगीला न्या. तिला येतंय सगला." गंगी कोण ते मला माहीत नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं, शेजारच्या आळीतली एक पन्नाशीची बाई. तिला हिने कधीच गाणी शिकवली नव्हती. ती नुसती मागे बसून ऐकत आली होती, आणि बारकीबायने ते पाहून ठेवलं होतं.

झोप वाढली. जेवण कमी झालं. दोनदा न्हाणीत पडली. डॉक्टरांनी पिशव्या तीनावरून दोनावर आणल्या, मग एकावर. पाणी स्वच्छ येत होतं, रिपोर्ट बरे होते. माझ्यासारख्याला तेच कळत नव्हतं. माल चांगला, हिशोब बरोबर, मग दुकान का बसतंय?

शेवटच्या खेपेला डॉक्टरांच्या खोलीत परत आम्ही तेच चौघे होतो. बारकीबाय चाकाच्या खुर्चीत होती. तिने मंदाचा हात ओढून टेबलावर ठेवला. साबणाने, औषधाने बोटांची कातडी सोललेली, सांध्यांवर भेगा. मंदा हात मागे घेत होती, म्हातारी सोडत नव्हती.

"ह्यो हात बघ," ती डॉक्टरांना म्हणाली. "पन त्याच्यासाठी न्हाय सांगत. ती बोलेल, मी करीन. ती करंल. पानी साफ येतंय, मना दिसतंय. पन जिच्यासाठी काराचा ती मीच न्हाय राह्यली. आता बंद करू."

डॉक्टरांनी घाई केली नाही. बंद केल्यावर काय होईल ते तिलाच सांगितलं: झोप वाढेल, दम लागू शकतो, त्यासाठी औषधं असतील, नर्स घरी येऊन बघून जाईल, दुखू देणार नाही. तिने एकेक ऐकून मान हलवली.

मी मधे पडलो. "एकच पिशवी चालू ठेवू, मॅडम. एकच. रोज नको, एक दिवसाआड."

बारकीबायने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "लातूर, तू मना इकत घेतस का इकतस?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. मला वाटतं त्या हसू लपवत होत्या, किंवा दुसरं काही. विलास मात्र रडायला लागला. मोठा माणूस, टेबल धरून रडत होता. "आई, मशीन लावू. मी रोज घेऊन येतो. काहीही करू, पण बंद नको करू." हे त्याचे शब्द. काहीही करू. ते मी माझ्या कानांनी ऐकले आहेत, आणि मंदानेही ऐकले आहेत.

म्हातारीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या हाफिसात जा तू. सुट्टी मंग लागंल."

मी तिथून निघालो आणि खाली पार्किंगमध्ये वॉचमनशी भांडलो. त्याची काही चूक नव्हती.

दहाव्याला विलास जे बोलला ते कुठून आलं हे आता मला समजतं. आईने उपचार बंद केले, तिला अडवता आलं नाही, हा राग त्याला कुठेतरी ठेवायचा होता, आणि तिच्यावर ठेवता येत नव्हता. मी समोर होतो. समजतं. पण माफ होत नाही. मंदा अजून कधी दुकानात येते, चहा घेते. विलासचं नाव आम्ही काढत नाही. तिला एकदा विचारलं, "तुला काय वाटतं, मंदाताई? हाल झाले?" ती कप खाली ठेवून म्हणाली, "दमले मी. पण त्या दोन वर्षांत त्या माझ्याशी जेवढं बोलल्या, तेवढं लग्न झाल्यापासून बोलल्या नव्हत्या." मग तिने विषय बदलला.

मी बारकीबायला शेवटचं पाहिलं ते पिशवी बंद झाल्यानंतरच्या आठवड्यात. शेवटचं असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पाड्यात गेलो. रात्रभर मनात जमवलेलं सगळं सोबत होतं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ, दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ, असा सगळा माल मी मांडणार होतो.

ती ओट्यावर खुर्चीत बसली होती. अंगावर चादर, डोक्याला तेल, आणि मंदा मागे उभी राहून तिचे केस विंचरत होती. चेहरा पिवळट, डोळे अर्धे मिटलेले. तेवढ्यात नया नगरकडून आलेली एक रिक्षा अगदी ओट्यासमोर येऊन थांबली, आणि ओट्यावर नुकतंच आलेलं ऊन तिने अडवलं.

बारकीबायचे डोळे उघडले. "ए भैया! गारी हटाव. मेरा धूप खाता हाय."

रिक्षावाला तरुण होता. मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "दो मिनट, अम्मा. सवारी आ रही है."

"दो मिनट मेरे पास किधर हाय रे? हटाव."

आवाज बारीक झाला होता, पण पोचला. मंदाचा कंगव्याचा हात केसांत थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. रिक्षावाल्याला काही कळलं नाही. तो पुटपुटत खाली उतरला आणि हँडल धरून रिक्षा मागे ढकलायला लागला. ऊन आधी ओट्याच्या कडेवर आलं, मग तिच्या सुजलेल्या पावलांवर, मग मांडीवरच्या चादरीवर. तिने डोळे मिटून तोंड जरा वर केलं.

मी बोलायला म्हणून पुढे आलो, तिच्या खुर्चीजवळ.

"आलास? बस," ती डोळे न उघडता म्हणाली. "पन तिथं नको. तूपन माज्या उनातच उभा हायस."

मी बाजूला सरकलो.